नाचणाऱ्यांमधली जागा

माणसं कशावर नाचतात हे हेमेंद्रला पक्कं ठाऊक होतं. ग्वाल्हेरात सोळा वर्षं डीजेचं काम केल्यावर ते ठाऊक नसतं तरच नवल. साठीच्या बायका जुन्या फिल्मी गाण्यांवर माना डोलावतात पण उठत नाहीत. त्यांना खुर्चीतून काढायचं तर नव्वदच्या दशकातलं लग्नाचं गाणं लागतं. काका-मामा मंडळी भांगड्याला खांदे उडवत येतात. कॉलेजची पोरं हाउस म्युझिकची वाट बघतात आणि ते लागलं की पाच मिनिटांत दमून 'भैया, हरियाणवी लगाओ' म्हणत टेबलाशी येतात. मराठी घरचं कार्य असलं की एखादी काकू हळूच जवळ येते, 'एखादं आपलं पण लाव रे,' म्हणते आणि मग एक कोळीगीत ठरलेलं. प्रत्येक प्रकार तो मिनिटातल्या ठोक्यांच्या आकड्यानं ओळखायचा. भांगडा शंभरच्या आसपास, डिस्को एकशे वीस, हाउस त्याच्या थोडा पुढे. गर्दी म्हणजे त्याच्या लेखी गॅसवर ठेवलेलं दूध होतं. आच कधी वाढवायची, कधी कमी करायची, एवढंच बघायचं.

दिवे आणि वायरी कान्होजीकडे. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा, जाड बोटांचा माणूस. बारा वर्षं दोघं बरोबर काम करत होते आणि गोरखीच्या मागच्या गल्लीत चार घरांच्या अंतरावर राहत होते.

डिसेंबरात सुधाताई स्वतः रिक्षा करून त्यांच्या दुकानावर आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ. त्यांचे यजमान महिपतराव गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन जानेवारीत बिर्लानगरच्या हॉलमध्ये होतं.

"सकाळी होम, मग जेवणं, आणि तीन वाजता तुमचं ते," त्या म्हणाल्या.

"काय लावू ताई? जुनी गाणी? भजनं?"

"सगळं लावा. पण साडेचारला डिस्को पाहिजे. शहाऐंशी सालचा. आणि वरती तो आरशांचा गोळा."

कान्होजीला हसू आलं. "आहे ना गोळा. माळ्यावर पडलाय."

सुधाताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तो तुम्ही टांगणार?"

"हो, मीच."

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बायको. मूलबाळ नाही."

"आई?"

"आई गेली. सात वर्षं झाली."

"बरं," सुधाताई म्हणाल्या.

त्या गेल्यावर हेमेंद्रला वाटलं, अशा वेळी माणूस 'अरेरे' म्हणतो.

हॉल जुना होता, उंच खिडक्यांचा. बाहेर बंद पडलेल्या गिरणीची चिमणी दिसत होती. सकाळच्या होमाचा धूर अजून छताशी रेंगाळत होता. त्यात तुपाचा, झेंडूचा आणि पाकातल्या बुंदीचा वास मिसळलेला. खिडक्यांतून ऊन तिरपं आत आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. शंभर-सव्वाशे माणसं होती. महिपतराव शाल पांघरून समोर खुर्चीत बसले होते, चेहऱ्यावर काही नाही.

हेमेंद्रनं जुन्या गाण्यांनी सुरुवात केली, मग नव्वदी, मग भांगडा. साडेतीनपर्यंत निम्मा हॉल उभा होता. साडेचारला त्यानं डिस्को लावला. गोळा फिरायला लागला आणि उन्हातसुद्धा भिंतींवर फिकट ठिपके धावू लागले.

दुसऱ्या गाण्याला त्याच्या लक्षात आलं, की डावीकडच्या खांबाजवळ कोणी नाचत नाही.

दोन हात रुंदीची जागा असेल. गर्दी चांगलीच दाटली होती, कोपराला कोपर लागत होतं, पण त्या जागेशी येताच माणसं वळत होती. तिकडे न बघता. एक पोरगं पळत आलं आणि काहीतरी वाटेत असावं तसं वळसा घालून गेलं. सरबताचा ट्रे घेतलेला वेटरही तसाच.

फरशी ओली असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि खात्री करायला मधेच भांगडा लावला. पाच सेकंदांत जागा भरली. एक जाडसे गृहस्थ तर नेमके तिथेच उड्या मारत होते. त्यानं पुन्हा डिस्को लावला. गृहस्थ नाचत नाचत बाजूला सरले, आणखी दोघं सरले, आणि जागा पुन्हा मोकळी झाली.

"कान्हा, ते बघ जरा."

"काय?"

"तिथे कोणी जात नाहीये."

"फरशी उखडली असेल."

"आत्ता भांगड्याला होते ना सगळे तिथेच."

कान्होजी बराच वेळ पाहत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "ती जागा हलतेय रे."

खरंच हलत होती. खांबापासून सुटून ती गर्दीतून मधे येत होती. तिची कड दर ठोक्याला जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे होत होती. एकशे वीसच्या ठेक्यावर, अगदी बिनचूक. ती जागा गोळ्याच्या बरोबर खाली येऊन ठरली आणि त्याच वेळी गोळा थांबला.

"अहो, तो गोळा बंद पडला बघा," सुधाताईंचा आवाज आला. त्या भिंतीपाशी उभ्या होत्या, स्विचबोर्डाला पाठ लावून.

कान्होजीनं स्टूल उचललं.

"राहू दे ना," हेमेंद्र म्हणाला.

"असं कसं? म्हातारीनं एवढ्या हौसेनं सांगितलाय."

गाणं बंद करायला हेमेंद्रला एक बोट हलवावं लागलं असतं. बोट बटणावरच होतं. पण चालू कार्यक्रमात, काही कारण नसताना, शंभर माणसांसमोर गाणं कसं तोडायचं? पुढे त्याला सगळ्यांत जास्त छळलं ते हेच.

कान्होजी गर्दीतून वाट काढत गेला. त्या कडेशी आल्यावर क्षणभर अडखळला. मग त्यानं स्टूल आत ठेवलं, वर चढला आणि हात उंच करून वायर हलवली. गोळा फिरायला लागला.

आणि गर्दी मिटली. पाण्यात दगड पडल्यावर पाणी मिटतं तशी. स्टूल दिसेना, कान्होजी दिसेना.

त्याच गर्दीतून एक मुलगा बाहेर आला. एकोणिसेक वर्षांचा, कानांवर आलेले केस, रुंद कॉलरचा शर्ट, कपाळावर घाम. इतक्या वेळात हेमेंद्रनं त्याला पाहिलं नव्हतं. सुधाताई जवळजवळ धावत गेल्या आणि त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. महिपतराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

बाकी कोणालाच नवल वाटलं नाही. एक बाई जाता जाता म्हणाली, "दौलत, पाणी पी रे आधी. किती नाचशील?"

गाणं संपल्यावर कान्होजी स्टूल घेऊन परत आला. "वर सगळं ठीक होतं," तो म्हणाला. "खाली भिंतीतला प्लगच कोणीतरी काढून परत लावला."

हेमेंद्रचा जीव भांड्यात पडला. पण थोड्या वेळानं वेटर जेवणाचं एकच ताट घेऊन आला.

"एक और लाना भैया," हेमेंद्र म्हणाला.

"और कोई आने वाला है?" वेटरनं विचारलं. कान्होजी त्याच्या समोर, हातभर अंतरावर उभा होता.

कान्होजीला ती थट्टा वाटली. सामान भरताना टेम्पोवाल्यानं त्याच्या नेहमीच्या जागेवर स्पीकर ठेवला, तेव्हा मात्र तो हसला नाही. मागे वायरींच्या गुंडाळ्यांत बसून आला.

गोरखीत पोचले तेव्हा कान्होजीची बायको उषा दारातच होती, तुळशीपाशी दिवा लावत. "आलो गं," कान्होजी म्हणाला. ती किंचित बाजूला सरली, तो आत गेला. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"काय हेमेंद्रभाऊ? काही काम होतं?"

"नाही वहिनी. कान्होजीला सोडायला आलो."

"कोणाला?"

तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. मागे, दाराच्या आत, कान्होजी चप्पल हातात घेऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमेंद्र बिर्लानगरला गेला. सुधाताईंचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात दौलत मांडी घालून जेवत होता आणि त्या समोर बसून त्याला वाढत होत्या.

"आई, भोंगा झाला का गिरणीचा?" त्यानं विचारलं.

"झाला रे. तू जेव." गिरणी बंद होऊन तीस वर्षं होऊन गेली होती.

त्या हेमेंद्रला घेऊन ओसरीवर आल्या. त्यानं घरून सगळं बोलणं जुळवून आणलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "प्लग तुम्ही काढलात."

"हो."

"कान्होजीनं काय बिघडवलं होतं तुमचं?"

"माझ्या दौलतनं कोणाचं बिघडवलं होतं? त्याच हॉलमध्ये, शेजारच्यांचं बारसं होतं. डिस्को चालू असताना हा तसल्याच मोकळ्या जागेत पाण्याचा जग ठेवायला गेला." त्यांनी पदरानं हात पुसले. "बहिणी त्याच संध्याकाळी विसरल्या. यांनी चार महिने काढले. मी नाही विसरले. अडतीस वर्षं मी त्याचं ताट वाढलं. लोक म्हणायचे, सुधाच्या डोक्यावर परिणाम झालाय."

"काय आहे ते? ती जागा?"

"मला काय मालूम. मी शिकलेली नाही."

"आणि आता कान्होजीचं काय करायचं?"

त्यांनी नजर वळवली. "तोच बाजा लावा. तो उभा राहील तिथे जागा होईल. लोक आपणहून जात नाहीत आत, पण काही काम निघालं की माणूस जातो, आणि आतला बाहेर येतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्याची आई असती तर मी दुसरा कोणी बघितला असता. एवढं पाप नसतं केलं."

आतून दौलतनं पोळी मागितली. त्या लगबगीनं उठल्या.

हेमेंद्रनं हे सगळं कान्होजीला सांगितलं. कान्होजी रोज दुकानात येऊन बसायचा. दुसरीकडे कुठे जाणार? सराफ्यात भर गर्दीत चाललं तरी त्याला कोणाचा धक्का लागत नव्हता. भूक लागत नव्हती. उषा आता दोनच पोळ्या करते, त्यानं सांगितलं. त्याचे कपडे तिनं बोहारणीला देऊन टाकले. कोणाचे आहेत कोण जाणे, माहेरहून आले असतील, असं शेजारणीला म्हणत होती.

"एकदा लाव," तो म्हणाला. "फक्त एकदा. कोणी परकं असेल, आपल्याला काय?"

त्याच्या तोंडी ते शब्द शोभत नव्हते. ते त्यालाही कळलं असावं, कारण पुढे दोन दिवस तो कोपऱ्यात वायरी गुंडाळत बसला.

फेब्रुवारीत शहराबाहेरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये हळद होती. सकाळी अकराची वेळ, स्वच्छ ऊन, सगळीकडे पिवळे कपडे, हिरवळीवर सांडलेल्या झेंडूच्या पाकळ्या. हेमेंद्रनं माइकचा स्टँड हिरवळीच्या मधोमध नेऊन ठेवला. कान्होजी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

हेमेंद्रनं डिस्को लावला.

गर्दी नाचत होती. हळूहळू कान्होजीभोवती दोन हातांची मोकळी कड तयार झाली. आत तो आणि माइक. तो नाचत नव्हता, पण त्याचे खांदे ठेक्यावर हलत होते. आपण ते हलवतोय असं त्याला वाटत नसावं. तो आपल्याच खांद्यांकडे घाबरून बघत होता.

हेमेंद्रनं हातातल्या दुसऱ्या माइकवरून हाक दिली, "नवरीची बहीण कुठे आहे? दोन शब्द बोला, माइक वाट बघतोय!"

"मंजिरी! मंजिरी!" पोरींनी गलका केला.

विशीतली मुलगी हसत पुढे आली. गालांना हळद, हातात चपला. ती कडेशी आली आणि अडखळली.

कान्होजी तिच्याकडे पाहत होता. त्याचा हात पुढे झाला होता.

मागे खुर्चीत तिची आई बसली होती. मोबाइल धरून लेकीचा व्हिडिओ काढत होती. "जा ना गं, लाजतेस काय!" ती ओरडली.

मंजिरीनं पाऊल उचललं.

हेमेंद्रच्या डोळ्यांसमोर ताट आलं. रोज वाढलेलं.

त्यानं गाणं तोडलं.

एकदम शांत झालं. कुठेतरी पाण्याचा नळ वाहत असलेला ऐकू आला. मग सगळे 'ओऽऽ' करून ओरडले. "क्या हुआ भैया?" मंजिरी माइकपासून पावलाभरावर उभी होती. कान्होजीनं हात खाली घेतला.

हेमेंद्रनं भांगडा लावला. गर्दी हसत, उड्या मारत त्या जागेवर चाल करून आली आणि कान्होजी तिच्याखाली दिसेनासा झाला.

परत येताना टेम्पोत तो वायरींवर बसला होता. शहरात शिरल्यावर म्हणाला, "बरं केलंस."

मंजिरीच्या जागी हेमेंद्र जाऊ शकला असता, हे दोघांनाही माहीत होतं. घरी बायको प्रांजली होती, आठ वर्षांची लेक तन्वी होती. कान्होजीनं ते कधी मागितलं नाही आणि हेमेंद्रनं कधी देऊ केलं नाही.

"फक्त एक कर," कान्होजी म्हणाला. "रोज माझ्याशी बोल. दोन मिनिटं. तू बोलत राहिलास की मी आहे."

"हे काय सांगणं झालं? बोलणार."

आणि तो बोलला. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी कान्होजीशी. मार्चमध्ये एक दिवस चुकला, कारण तन्वीची परीक्षा होती. एप्रिलमध्ये लग्नसराई लागली. एकदा कान्होजीनं दोनदा हाक मारल्यावर हेमेंद्रनं वर पाहिलं आणि दचकला. "कधी आलास?" कान्होजी म्हणाला, "सकाळपासून आहे." त्या दिवशी हेमेंद्र रडला. घरी जाऊन त्यानं प्रांजलीला सगळं सांगितलं. ती घाबरून त्याच्या कपाळाला हात लावून बघत राहिली.

मे महिन्यात त्यानं दिव्यांसाठी नवा माणूस ठेवला, अभिराम म्हणून. कामाला चांगला होता. इतकी वर्षं दिवे आणि आवाज दोन्ही एकट्यानं कसं सांभाळलं, असं अभिरामनं विचारलं, तेव्हा हेमेंद्रला स्वतःचंच नवल वाटलं.

जूनच्या सुरुवातीला एका सेवानिवृत्तीची दुपारची पार्टी होती. कूलर घरघरत होते, तरी माणसं घामाघूम होऊन नाचत होती. निवृत्त होणारे गृहस्थ टेबलाशी आले. "आमच्या जवानीतला डिस्को लावा की."

"डिस्को आम्ही नाही वाजवत काका."

"का बरं?"

हेमेंद्रनं आठवून पाहिलं. काही सुचेना. "असंच," तो हसून म्हणाला, आणि त्यानं नव्वदीतलं लग्नाचं गाणं लावलं. बायका खुर्च्यांतून उठल्या.

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. पडद्यावर नाव आलं: 'कान्होजी लाइट'. कुठल्यातरी कार्यक्रमात भेटलेला लाइटवाला असेल. असे किती नंबर साठलेले असतात.

त्यानं एक कान बोटानं बंद करून फोन दुसऱ्या कानाला लावला. "हॅलो? कोण बोलताय?"

कोणी बोललं नाही. फोनमध्ये फक्त गाणं ऐकू येत होतं, तेच नव्वदीतलं, ढोलकीच्या त्याच ठोक्यावर, अगदी जवळून. त्यात कूलरची घरघर, आणि टेबलापलीकडे अभिराम आत्ता जे म्हणाला, ते 'दादा, लाल दिवा घेऊ का?' सुद्धा.

"नेटवर्कचा घोळ दिसतोय," हेमेंद्र अभिरामला म्हणाला. त्यानं फोन ठेवला, यादीत ते नाव शोधलं आणि पुसून टाकलं.

"घे, लाल घे," तो म्हणाला.

अभिराम दिव्याकडे निघाला. टेबलासमोर काहीच नव्हतं, तरी तो जरा वळसा घालून गेला.